आधी पोट, शेवटी हृदय

३ मार्च, मंगळवार

मी परवा आजी झाले. लिहायला मात्र आज बसते आहे, कारण आज नातवाने पहिला पराक्रम केला.

सकाळी बाळांच्या डॉक्टरांनी त्याची छाती ऐकली, तर डावीकडे ठोके लागेनात. लागले ते उजवीकडे. त्यांनी लगेच फोटो काढायला लावला आणि मला फोन केला. पस्तीस वर्षं मी छातीचे फोटो वाचते आहे, तरी फोन ठेवताना हात चहाच्या कपाला लागला आणि कप आडवा झाला. तो तसाच टाकून टॅक्सी गाठली.

प्रसूतिगृहात पोहोचून पाहते तर फोटोत हृदय डावीकडे, अगदी शहाण्यासारखं! ऐकू उजवीकडे येतंय आणि दिसतंय डावीकडे, असं कसं होईल? मग माझं लक्ष कोपऱ्यातल्या, उजवं-डावं कळावं म्हणून ठेवतात त्या शिशाच्या अक्षराकडे गेलं. तेही आरशातल्यासारखं उलटं. टेक्निशियन नवखा आहे. हृदय भलत्या बाजूला दिसताच त्याला वाटलं आपलंच चुकलं, म्हणून पठ्ठ्याने कॉम्प्युटरवर चित्र फिरवून हृदय 'जागेवर' आणून ठेवलं. मी त्याची चांगली हजेरी घेतली आणि चित्र पुन्हा फिरवलं. हृदय उजवीकडे गेलं. जठरातला हवेचा बुडबुडाही उजवीकडे. म्हणजे सगळं घरच आरशातलं! अशी माणसं धडधाकट जगतात, म्हातारी होतात, कित्येकांना तर आयुष्यभर पत्ताही नसतो.

इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसले. लेक पलंगावर रडत होती. तिला म्हटलं, "अगं, तुझा मुलगा उलटराव आहे, बाकी काही नाही." ती म्हणाली, "तू सांगतेस म्हणजे ठीकच आहे," आणि डोळे पुसून झोपली.

जावयालाही बोलणी बसली. फोटो काढताना बाळाचे हात धरायला तो उभा होता, शिशाचे हातमोजे न घालता. तो फर्निचर बनवतो. मागे कधीतरी फळी पडून मोडलेली आणि वाकडीच जुळलेली त्याची करंगळी फोटोच्या कोपऱ्यात ऐटीत आली आहे. फोटोवर बाळाचं नाव नाही, ते अजून ठरायचं आहे. लेकीचं नाव आणि पुढे 'यांचे बाळ'.

बाळांचे डॉक्टर म्हणाले, "पायाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन जरा कमी दाखवतोय. इको करून घेऊ या का?" इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ती आमच्या मोठ्या रुग्णालयात होते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, "पाय गार असले की ते यंत्र वाट्टेल ते सांगतं. एवढ्याशा जिवाला कशाला हिंडवायचं? महिन्याभराने करू." ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तसं."

४ मार्च, बुधवार

आमच्याकडे बुधवारी तास असतो. शिकाऊ डॉक्टर नावं झाकलेले फोटो मोठ्या पडद्यावर लावतात आणि मी ते मोठ्याने वाचते. कोणाचा, कुठला, काय होतंय, हे मला कोणी सांगायचं नाही. माझी पद्धत सगळ्यांना तोंडपाठ आहे: आधी पोट, मग श्वासनळ्या, मग फुप्फुसं, शेवटी हृदय. तोपर्यंत हृदयावर माझा पुठ्ठा. औषधाच्या खोक्याचा कापलेला, कडा मऊ झालेला. हृदय हे बोलघेवड्या पाहुण्यासारखं असतं. आधी त्याच्याशी बोलत बसलं की घरातल्या बाकीच्यांकडे लक्ष जात नाही. पोरं पाठीमागे माझी नक्कल करतात, हेही मला माहीत आहे.

तासानंतर सगळ्यांना चहा पाजला आणि उलटरावांचा फोटो कौतुकाने पडद्यावर लावला. शिकाऊंमध्ये एक मुलगी आहे, तिला आम्ही मुंगी म्हणतो. सावकाश चालते, पण धरलेलं सोडत नाही. तिने सवयीने पुठ्ठा उचलला. मी म्हटलं, "अगं, माझ्या नातवाला कसला पुठ्ठा लावतेस? रूप तर बघ त्याचं!" सगळे हसले. मुंगी बराच वेळ फोटोकडे बघत राहिली.

९ मार्च, सोमवार

लेक आणि बाळ आमच्याकडे आले. घरभर लंगोट. ह्यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा कामाचा दिवस काढला. सकाळपासून पाळण्याचे स्क्रू पिळताहेत. मला विचारतात, "डॉक्टरीणबाई, उलटरावांना कुठल्या कुशीवर निजवायचं?" मी म्हटलं, "तुम्ही आधी स्क्रू सुलट पिळा."

बाळ गुणी आहे. रडत नाही, झोपून असतं. नखं जराशी जांभळट वाटतात, पण खोलीत गारवा आहे. खिडकी बंद करून घेतली.

१३ मार्च, शुक्रवार

आज डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीत मुंगी दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, बाळाचा फोटो पुन्हा एकदा बघायचा का?"

"का?"

"श्वासनळ्या. मला दोन्ही बाजूंच्या सारख्याच वाटल्या. आखूड."

मी तिला सांगितलं की दोन दिवसांचं बाळ वाकडं धरलं तर नळ्या कशाही दिसतात, आणि ते वाकडं धरलं होतं, कारण धरणारा माझा जावई होता. ती म्हणाली, "हो मॅडम." पण गेली नाही. मग मी म्हटलं, "तुझं पुस्तक मी तुझ्या जन्माआधी वाचलंय." तेव्हा गेली.

पुस्तकातला दुर्मीळ आजार दिसेल त्याच्या अंगाला चिकटवायचा, ही या वयातली खोड असते. उगाच माझ्या घरात अपशकुन. संध्याकाळपर्यंत चिडचिड गेली नाही. फोटो माझ्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, एका बोटाचं काम. पण कालच्या पोरीच्या सांगण्यावरून मी उठून बघायला लागले तर झालंच. आणि आज खरंच कामं फार होती.

१७ मार्च, मंगळवार

बाळाचं वजन जेमतेम वाढलंय. लेकीचं दूध कमी असेल. तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

२१ मार्च, शनिवार

लेकीशी भांडण. वाईट वाटतं आहे.

दुपारी ती बाळाला पाजत होती. तिने हाक मारली म्हणून गेले. बाळाच्या कपाळावर घाम होता. दोन घोट घ्यायचं, थांबायचं, धापा टाकायचं, पुन्हा दोन घोट. ती म्हणाली, "बघ, पिताना दमतो. आणि रडला की ओठ काळे पडतात."

मी म्हटलं, "काळे नाही, जांभळे. सगळ्याच बाळांचे होतात."

"सगळ्याच बाळांचे होत नाहीत. शेजारच्या बाईंचं बाळ मी रोज बघते."

"मग शेजारच्या बाईंनाच विचार. बाळंतपणानंतर जीव घाबरा होतो, तुझ्या वेळी माझाही झाला होता."

तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू त्याच्याकडे बघतच नाहीस."

मी! आयुष्यभर दुसरं केलंय काय? मला इतकं लागलं की मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली. हे मागे आले. थोडा वेळ फडकं घेऊन भांडी पुसत उभे राहिले आणि मग म्हणाले, "तो फोटो तू त्यानंतर परत पाहिलास का गं?"

"त्यात परत बघायचं काय आहे?"

"काही नाही, तर मग बघायला काय हरकत आहे?"

मी म्हटलं, इको महिन्याभराने आहेच, आता दहा-बाराच दिवस राहिले. ते "बरं" म्हणाले. ह्यांचं "बरं" मला चांगलं ओळखू येतं.

२३ मार्च, सोमवार

मुंगीने विचारलं, बुधवारच्या तासाचे फोटो या वेळी तिने निवडले तर चालतील का. राग धरला नाही हे पाहून बरं वाटलं. खुशाल निवड म्हटलं.

२५ मार्च, बुधवार

आजचं आजच लिहिलं नाही तर उद्या मी त्यात काहीतरी बदल करीन.

तासाला नेहमीची सगळी होती. पहिले दोन फोटो साधे निघाले. तिसरा मुंगीने लावला. नाव झाकलेलं, अक्षर जागेवर, हृदयावर पुठ्ठा तिने आधीच धरलेला आणि कोपऱ्यांवर पांढरे कागद. मी खुशीत होते. नवजात बाळ, एवढं म्हणून सुरुवात केली.

आधी पोट. जठर उजवीकडे. पोरांना विचारलं, "मग यकृत कुठे हवं?" "डावीकडे," सगळे म्हणाले. मी म्हटलं, "बघा तर खरं. डावीकडे आहे, पण उजवीकडेही आहे. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे हे बाळ आरशातलं नाही. आरशातल्या घरातसुद्धा एक बाजू यकृताची असते, एक जठराची. इथे घराची मांडणीच ठरलेली नाही."

मग श्वासनळ्या. एरवी उजवी नळी आखूड आणि उभी असते, डावी लांब आणि आडवी. उजवं-डावं ओळखायची याहून खात्रीची खूण छातीत नाही. मी बोट ठेवून दाखवलं. "ही आखूड. आणि ही? हीसुद्धा आखूड. दोन्ही फुप्फुसं उजवी. या बाळाला डावी बाजूच नाही." मी रंगात आले होते. "आता सांगा, प्लीहा कुठल्या बाजूची?" कोणीतरी म्हणालं, डाव्या. "डावी बाजूच नाही, तर प्लीहा कुठून येणार? म्हणजे जंतूंशी लढायची एक मोठी चौकी नाही. साधा तापसुद्धा याला झेपणार नाही. पहिल्या दिवसापासून रोज औषध हवं."

मग फुप्फुसं. काळी, रक्तवाहिन्या बारीक. "फुप्फुसांना रक्त पोचत नाहीये. हे बाळ पिताना दमत असेल. घाम येत असेल. रडलं की ओठ..."

इथे माझा आवाज थोडा अडखळला. पण मी पुढे बोलले, हे मला आता नवल वाटतं. म्हणाले, "हृदय बघायची गरजही नाही. ते धड नसणार. आज संध्याकाळच्या आत इको. ज्याने हा फोटो वाचून बाळाला घरी पाठवलं असेल, त्याला माझ्यासमोर आणून उभा करा."

कोणी हसलं नाही. मी म्हटलं, "काढ पुठ्ठा."

मुंगीने पुठ्ठा काढला. हृदय उजवीकडे होतं. तरीही मला कळलं नाही, किंवा मी कळू दिलं नाही. मग तिने खालच्या कोपऱ्यातला कागद काढला. तिथे एका मोठ्या माणसाची बोटं होती आणि करंगळी वाकडी होती.

मी खुर्चीत बसले. मुंगी रडत होती. "मॅडम, मी चुकत असेन असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. तुम्ही वाचाल तेच बरोबर असेल, म्हणून लावला." तिला जवळ घ्यायला हवं होतं. मला तेवढंही सुचलं नाही. मी पर्स न घेताच जिना उतरले.

घरी लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. फोटो चुकीचा वाचला. उलटराव नाही. हृदय बिघडलेलं असणार, आत्ता निघायचं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी सांगत होते ते खरं होतं." मग ह्यांना म्हणाली, "बाबा, गाडी काढा." गाडीत ती पुढे बसली, बाळाला घेऊन. एरवी ती आणि मी मागे बसतो.

इकोच्या खोलीत हृदयाच्या डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या हाताखालून शिकून गेलेला मुलगा आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांऐवजी एकच धड. फुप्फुसांकडे जाणारी वाट दोऱ्याएवढी. प्लीहा नाही. मी विचारलं, "तीन आठवडे आधी आणलं असतं तर?" तो खोटं बोलू शकला असता. म्हणाला, "बाळ धष्टपुष्ट असताना ऑपरेशन झालं असतं, मॅडम. आता थकलेल्या बाळाचं करावं लागेल."

२७ मार्च, शुक्रवार

बाळाला दाखल केलंय. ऑपरेशन गुरुवारी. फुप्फुसांकडे रक्त न्यायला एक बारीकशी नळी बसवणार. पुढे वयाप्रमाणे आणखी ऑपरेशनं. पुढे म्हणजे, तोवर राहिला तर.

त्या सकाळचा विचार डोक्यातून जात नाही. त्या टेक्निशियनने चित्र फिरवलं ते मी पकडलं आणि त्याच आनंदात पुढे काही पाहिलंच नाही. एक कोडं सुटलं, म्हटलं संपलं. हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवते आहे की पहिलं उत्तर सापडलं की डोळे मिटायला लागतात. पण ते अर्धंच खरं आहे. पुठ्ठा माझ्या पर्समध्येच होता. मी तो काढला नाही, कारण मला फोटो वाचायचाच नव्हता. मला लेकीचं रडं थांबवायचं होतं. त्या टेक्निशियनला मी झापलं. त्याने हृदय जागेवर आणून ठेवलं, मी अख्खं बाळ जागेवर आणून ठेवलं.

२८ मार्च, शनिवार

लेक माझ्याशी बोलत नाही असं नाही. "चार्जर दे." "बाबांना जेवायला घाल." एवढं बोलते. जावई मात्र, "आई, पाणी घ्या, आई, बसा," असं सारखं करतो. त्याचा चांगुलपणा सोसवत नाही. आज म्हणाला, "मी नीट सरळ धरलं होतं त्याला त्या दिवशी. वाकडं नव्हतं धरलं ना?" मी कधीतरी घरी तसं बोलले असणार. त्याला म्हटलं, "नाही रे बाबा, तू अगदी सरळ धरलं होतंस." तो भिंतीकडे तोंड करून रडला.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी आत नेलं, दुपार उलटून गेल्यावर बाहेर आणलं. मध्ये काय केलं ते आठवत नाही. ह्यांनी माझ्या चपलांचे पट्टे सैल करून दिले, एवढं आठवतं. पाय सुजले होते.

नळी बसली. बाळ यंत्रावर आहे. ओठ गुलाबी आहेत. त्याचे ओठ असे आहेत हे मला आज कळलं.

मुंगी येऊन लांब उभी होती, तासाला राहिलेली माझी पर्स आणि पुठ्ठा घेऊन. मी जवळ जाऊन तिचा हात धरला. तिला म्हटलं, "पुढच्या वेळी दारातून परत जायचं नाही." ती म्हणाली, "तुम्ही हाकललं होतंत." "तरी जायचं नाही."

५ एप्रिल, रविवार

यंत्र काढलं, स्वतः श्वास घेतोय. रोज फोटो होतो. तो तिथले डॉक्टर वाचतात. मी जाणूनबुजून तिकडे जात नाही. घरच्या माणसाचा फोटो आयुष्यात पुन्हा वाचणार नाही, असं ह्यांना सांगितलं. ह्यांनी "बरं" म्हटलं.

६ एप्रिल, सोमवार

आज सकाळी मी बाहेरच्या बाकावर होते. लेक आतून आली. केस विंचरलेले नाहीत, डोळे खोल गेलेले. माझ्यासमोर उभी राहिली.

"सकाळचा फोटो झालाय. डॉक्टर राउंडला आहेत, यायला वेळ आहे. तू वाच."

मी म्हटलं, "मी नको. मुंगीला बोलावते."

"मला तुझ्याकडून ऐकायचंय. पण त्या दिवशी वाचलास तसा नको. वर्गात वाचलास तसा. बाबांनी सांगितलंय मला सगळं." मग जरा थांबून म्हणाली, "त्याची आजी नको आहे आत्ता मला. ती नंतर."

आम्ही आतल्या छोट्या खोलीत गेलो. तिने दार लावलं आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. फोटो उघडला. वर पहिल्यांदा दिसलं ते तिचं नाव, पुढे 'यांचे बाळ'. त्या मंगळवारीही मला पहिल्यांदा हेच दिसलं होतं. मी पर्समधून पुठ्ठा काढला. हृदयावर नाही ठेवला. नावावर ठेवला.

मग वाचलं. पोट: यकृत मधोमध, तसंच. श्वासनळ्या: दोन्ही आखूड, त्या तशाच राहणार. फुप्फुसं: पूर्वीइतकी काळी नाहीत, रक्त पोचतंय, नळी काम करते आहे. मागून तिचा श्वास सुटलेला ऐकू आला. तिथेच थांबावं असं फार वाटलं. सगळं छान आहे गं, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"उजवीकडच्या फुप्फुसात खाली पांढुरकं दिसतंय," मी म्हटलं. "इतकंसं आहे. कफ साठला असेल. किंवा जंतू असतील. त्याला प्लीहा नाही, त्यामुळे वाट बघायची नाही. डॉक्टरांना राउंडमधून आत्ता बोलवायचं."

"घाबरण्यासारखं आहे?"

"हो."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठी ठेवला की मला उठवण्यासाठी, कळलं नाही. आम्ही दोघी जवळजवळ पळतच गेलो. डॉक्टरांनी फोटो पाहिला, छाती ऐकली, औषध लगेच बदललं. म्हणाले, लवकर सांगितलंत ते बरं झालं, आता दोन दिवस बघू.

मी पर्स घ्यायला परत त्या खोलीत गेले, तर लेक तिथे आधीच पोचली होती. पुठ्ठा तिच्या हातात होता. उलटासुलटा करून बघत होती.

"उद्याचा फोटोही तूच वाचायचास," ती म्हणाली. "पण हा माझ्याकडे राहू दे. मी धरीन."

तिने तो स्वतःच्या पिशवीत टाकला आणि बाळाकडे गेली. मी दिवा बंद करून तिच्या मागोमाग गेले.